चांदबीची आमराई

चांदबी गेल्याचं कळलं त्याला दोन महिने झाले. त्याआधीची कितीतरी वर्षं मी त्यांच्याविषयी लिहायचं टाळत आलो. निवृत्तीनंतर तसं मी बरंच लिहिलं. महसूल खात्यातल्या गमतीजमती लिहिल्या, मोजणीची साखळी विहिरीत पडली तो किस्सा लिहिला, वाचणारे हसले. त्या लिखाणात चांदबींचं नाव कुठं येऊ दिलं नाही. घरात बायकोनं कधी त्यांचा विषय काढला, तर मी काहीतरी निमित्त काढून उठत असे. तिला वाटायचं, जुन्या गावाच्या आठवणीनं मी हळवा होतो. मी तिला तसंच वाटू दिलं. ती वारली तेव्हाही तिला खरं ठाऊक नव्हतं.

आता मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. मी लिहिलेला खोटा कागद काचेत बसवून भिंतीवर टांगलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. तो पाहिल्यापासून डोकं जे पेटलं आहे ते विझत नाही, आणि विझावं असं वाटतही नाही. म्हणून लिहितो.

गावात लहानथोर सगळे चांदबींना एकेरीत हाक मारत. मीही मारत असे. मी तेव्हा तिशीतला तलाठी, त्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, आणि मी म्हणायचो, "चांदबी, पाणी आण गं." आज 'त्या' लिहितो आहे. हे शहाणपण कोणाच्याच उपयोगाचं नाही, हे मला कळतं.

ते गाव पुसेगावच्या पलीकडे आहे. नाव लिहीत नाही. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. गावाच्या शिवेवर निजामाच्या अमलातली आमराई होती. बहात्तर झाडं, सगळी गावरान, कोयीपासून वाढवलेली. जमीन बापूसाहेब जहागीरदारांची. पण झाडं लावली ती चांदबींच्या सासऱ्यानं, आणि कावडीनं पाणी घालून जगवली तीही त्यानंच. सासरा गेला. मग नवरा महेबूब तापानं गेला. तेव्हापासून आमराई एकट्या चांदबींच्या अंगावर होती. बटईची बोली तोंडी होती, अर्धे आंबे मालकाचे, अर्धे राबणाऱ्याचे. कागद कधी झाला नाही. आमराईतच दगडमातीची एक खोली होती, तिथं त्या दोन लेकरांना घेऊन राहत.

अंगानं काटक, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, आणि पदराच्या गाठीत एक वाकडा चाकू. कोणाकडेही बोट दाखवून बोलत नसत, हनुवटीनं दाखवत. माणसाला दाखवायचं असो की झाडाला. आणि जिभेला धार अशी की बाजारात बागवानसुद्धा त्यांच्याशी भाव करताना दोन पावलं लांब उभे राहत.

मी पहिल्यांदा आमराईत गेलो तो पीक पाहणीसाठी. तलाठ्यानं दरसाल शिवारात फिरून कुठल्या तुकड्यात काय पिकतं आणि ती जमीन प्रत्यक्ष कोण कसतं, हे वहीत लिहायचं असतं. त्याला पीक पाहणी म्हणतात. सोबत गावचा कोतवाल होता. मी वही उघडून विचारलं, "किती झाडं आहेत गं?"

"नावं सांगू का?"

"नावं नकोत. आकडा सांग."

"आकडा मेंढराचा सांगत्यात, साहेब. चला, फिरून दावते."

आणि खरोखरच त्यांनी मला बहात्तर झाडांखालून फिरवलं. प्रत्येक झाडाला नाव होतं आणि नाव ठेवण्याचं कारण होतं. ज्याच्या कैरीला शेपूचा वास यायचा तो शेप्या. गर पांढरट आणि कोरडा तो खोबऱ्या. काठी मारल्याशिवाय फळ सोडत नाही तो मास्तर. वर्षभर मुरवल्याशिवाय जिचं लोणचं तोंडात धरवत नाही ती सासू. मधेच एक मोठं थोरलं झाड आलं, मोहोरानं वाकलेलं.

"अन् ह्यो तलाठी."

कोतवाल तोंडावर उपरणं धरून हसायला लागला.

"हा का म्हणून तलाठी?"

"मोहोर बघा की केवढा! सारं शिवार घमघमून राहिलं. धरत काईच न्हाई." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तुमच्या आंधी होते ना, त्येंच्या नावाचा हाय. तुमचं अजून बघायचंय."

मी हसलो. पुढं सात वर्षं त्या गावात होतो.

मोहोराच्या दिवसांत चांदबी माणसात नसत. झाडाखाली बिडी ओढायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, शेळी आणायची नाही. एकदा माघातली वरात आमराईच्या बांधावरून चालली होती. ताशा, सनई, पुढं नाचणारी पोरं. चांदबी रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"वाजिवणं बंद करा. मोहोर झडतो."

ताशानं मोहोर झडतो की नाही, मला माहीत नाही. वरातीतला एक म्हातारा भडकला. "अगं बाई, लगीन हाय का मयत?"

"लगीन तुमचं एका दिसाचं हाय. माझ्या झाडाचं सालाचं हाय. हितून तितपर्यंत मुक्यानं जावा, म्होरं फोडा की ताशे."

आणि ती वरात, शंभरेक माणसं, नवरदेव घोड्यावर, आमराईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चपला हातात घेतल्यासारखी चालत गेली. एवढ्या माणसांना गप्प बसवणारी बाई मी त्या तालुक्यात दुसरी पाहिली नाही. वर नवरदेवाच्या आईला त्यांनी सांगितलं, सून गरवार राहिली की निरोप धाड.

कारण तशी त्यांची रीतच होती. चैतात कैरी धरली की पहिल्या पाट्या बाजाराला जात नसत. गावात ज्या घरी बाई गरवार असेल त्या घरी जात. जात, धर्म, भांडण, काही बघायच्या नाहीत. कुणाला कुठल्या झाडाची कैरी मानवेल हेही त्यांचं ठरलेलं असे. आणि कोणत्या घरात दिवस गेलेत ते त्यांना त्या घरातल्या सासूच्या आधी कळे. माझ्या बायकोला तिसरा महिना होता. आम्ही अजून कोणाला बोललो नव्हतो. एका सकाळी चांदबी दारात उभ्या. पदरात कैऱ्या.

"बाई कुठंय? शेप्याच्या हाईत. मिठाला लावून खाऊ द्या, वकारी थांबती."

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"इहिरीवर चालताना दिसली न्हाई का मला? तुमी वहीत बघता, मी बाईच्या चालीत बघते."

त्या उन्हाळ्यात माझ्या बायकोनं शेप्याच्या कैऱ्यांवर दिवस काढले. पुढं विवेक झाला. त्याआधीच्या डोहाळजेवणाला चांदबी आल्या नाहीत, आंबे उतरवायचे दिवस होते. फळाला बोटभर देठ ठेवून ते काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीत, झेल्यात, अलगद घ्यायचं, हे काम त्या दुसऱ्यावर सोडत नसत. "देठ तुटला की आंबा रडतो," असं म्हणत. पिकला की नाही हे बघायला आंबा कोणी दाबला तर त्या हातावर चापट मारत. बापूसाहेबांच्या मुलीच्या हातावरही एकदा मारली होती. "गाल हाय का त्यो दाबायला?" वाड्यावरच्या बाईसाहेब दोन दिवस फुरंगटल्या होत्या. आज मला वाटतं, त्या चापटीचाही हिशेब पुढं धरला गेला.

आता माझं.

पीक पाहणीला मी दरसाल आमराईत जात असे. इतर शिवार मी चावडीवर बसून उरकलं असेल, आमराईत मात्र गेलो, कारण सावली होती, रांजणाचं थंड पाणी होतं आणि आंबे होते. चांदबी राबताना मी डोळ्यांनी बघत होतो. आळी करताना, धूर करताना, झाडावर चढून वाळकी फांदी तोडताना. मग तिथून मी बापूसाहेबांच्या ओसरीवर जायचो. तिथं चहा व्हायचा. बापूसाहेब आवाज कधी चढवत नसत. मऊ बोलत.

"लिहा की मागच्यासारखंच, तलाठीसाहेब. कशाला उगा गुंता?"

मागच्यासारखं म्हणजे, 'कसणार: मालक स्वतः'. माझ्या आधीच्या तलाठ्यानं तसं लिहिलेलं होतं. मी वरची ओळ बघून खाली उतरवत गेलो. मी पैसे खाल्ले नाहीत. आयुष्यभर मी हे छाती पुढं काढून सांगत आलो की मी एक रुपया खाल्ला नाही. खरं आहे. पैसे खाल्ले असते तर निदान केलं कशासाठी ते तरी सांगता आलं असतं. मी चहा प्यालो. मोठ्या घरच्या ओसरीवर खुर्ची मिळते, मालक उठून निरोप द्यायला येतो, एवढ्यासाठी मी ते लिहिलं.

आणि याहून वाईट पुढंच आहे. चांदबींना वाचता येत नव्हतं, पण वही काय असते ते नीट ठाऊक होतं. दरसाल मी आमराईतून निघालो की त्या बांधापर्यंत येत.

"साहेब, माझं नाव लिवलं ना बराबर?"

"लिहिलं."

"चांदबी महेबूब. असं पुरं?"

"पुरं लिहिलं."

सात वर्षं. दर वर्षी हाच प्रश्न, हेच उत्तर. ऊन चढायच्या आत निघायची घाई असे, एवढंच. खोटं बोलायला मला एक क्षणही थांबावं लागलं नाही.

सातव्या वर्षी बापूसाहेबांना कोणीतरी सांगितलं की बटईदार फार वर्षं बसली तर जमीन तिची होते. त्यांनी मऊ आवाजात चांदबींना आमराई मोकळी करायला सांगितलं. चांदबींनी चढ्या आवाजात नाही म्हटलं. प्रकरण तालुक्याच्या कचेरीत गेलं. तारखेला चांदबी धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या, सोबत दोन्ही लेकरं. बापूसाहेबांकडून वकील होता. चांदबींकडून कोणी नव्हतं. त्यांना गरजच वाटली नव्हती.

तहसीलदारांनी विचारलं, "बाई, तुम्ही कसता याला पुरावा काय?"

"हाय की. तलाठीसाहेबाच्या वहीत हाय. दरसाल लिवलंय त्येंनी. इचारा." आणि त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. घरच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

मला वही उघडून मोठ्यानं वाचायला सांगितलं गेलं. मी वाचलं. आंबा, झाडे बहात्तर, कसणार, मालक स्वतः. पुढचं वर्ष. मालक स्वतः. सातही वर्षं मी वाचली. माझं अक्षर चांगलं होतं, कुठं अडखळावं लागलं नाही.

चांदबी चिडल्या नाहीत. त्यांना वाटलं, काहीतरी घोटाळा झाला.

"पुन्यांदा वाचा, साहेब. दुसऱ्या कोणाचं पान आलं आसंल."

तहसीलदारांनी मान हलवली. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही प्रत्यक्ष कोणाला कसताना पाहिलंत?" त्या माणसानं मला दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "नोंदीप्रमाणे मालक स्वतः कसतात, साहेब."

निकाल लागायला वेळ लागला नाही.

बाहेर लिंबाखाली चांदबी उभ्या होत्या. मी मान खाली घालून जाणार होतो. त्यांनी वाट अडवली, वरातीची अडवली होती तशीच.

"सात साल इचारत होते मी. एक डाव जरी न्हाई लिवलं म्हणले असते, तर मी दुसऱ्या कोणाच्या पाया पडले असते. जिल्ह्याला गेले असते. तुमी मला बसवून ठिवलं, साहेब."

मी म्हणालो, "अगं, कायद्याचं असतं ते, तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी बोललो. ते वाक्य मी आज जसंच्या तसं लिहितो आहे, म्हणजे पुन्हा कोणी माझा सत्कार करणार असेल तर त्याला ते माहीत असावं.

चांदबी आमराईतून गेल्या तो दिवस मी पाहिला नाही. मी त्या दिवशी मुद्दाम रजा टाकली होती. कोतवालानं नंतर सांगितलं. मालकानं नवा राखणदार नेमला होता. चांदबींनी त्याला सकाळपासून दुपारपर्यंत झाडाखालून फिरवलं. ह्याला होळीनंतर पाणी द्यायचं न्हाई. ह्याच्या बुडाला वाळवी लागती, राख टाकत जा. सासूचं फळ पाडाला आल्याबिगर उतरवायचं न्हाई. राखणदार जांभया देत होता. चांदबी त्याच्यावर खेकसल्या, "ध्यान दे रे मुडद्या! हे बोलायला मी उद्या हितं न्हाई." बहात्तर झाडं झाल्यावर त्यांनी डोक्यावर गाठोडं घेतलं, लेकरांचे हात धरले आणि कनेरगाव नाक्याकडे निघाल्या. तिथं त्यांचा भाऊ होता.

माझी पुढं बदली झाली, बढती झाली. निवृत्तीला शाल मिळाली.

गेल्या मे महिन्यात विवेकनं बेत काढला. तो, सूनबाई मनीषा, नात सई आणि मी, नांदेडहून गाडीनं.

"बाबा, तुमच्या पुसेगावजवळ हेरिटेज फार्म झालंय. शंभर वर्षांची आमराई. तुम्ही तिथंच होता ना नोकरीला? तुमच्या वाढदिवसाला जाऊ."

मी गुडघ्याचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं. सईनं माझी पिशवी भरूनसुद्धा ठेवली होती. कळमनुरी गेलं, हिंगोली गेली, मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सई विचारत होती, "आबा, तुम्ही सायकलवर फिरायचात का इथं?" मी हो म्हणत होतो.

फाटकावर कमान होती. आत फेटा बांधलेला एक मुलगा सगळ्यांना गोळा करून माहिती सांगत होता. पाटीवर लिहिलं होतं, 'जहागीरदार घराण्याने तीन पिढ्या स्वतः राबून जोपासलेली वारसा आमराई'. स्वतः राबून! बापूसाहेबांनी उभ्या जन्मात खोऱ्याला हात लावला नव्हता. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी ठोकलेली. शेप्याचं नाव 'महाराजा'. सासूचं 'राजकन्या'. मास्तरचं काहीतरी इंग्रजी. फेटेवाला सांगत होता की ही नावं कै. बापूसाहेबांनी प्रत्येक फळाची चव घेऊन स्वतः ठेवली. आणि एक बाई झाडाखालचे आंबे अंगठ्यानं दाबून दाबून बघत होती.

"खोटं आहे हे," मी म्हणालो. मोठ्यानंच म्हणालो. "ही नावं खोटी आहेत. याचं नाव शेप्या. नावं ठेवणारी बाई वेगळी होती."

लोक वळून बघायला लागले. फेटेवाल्यानं आतून मालकांना बोलावलं. बापूसाहेबांचा धाकटा मुलगा, आता पन्नाशीचा. त्यानं मला ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. आवाज बापासारखाच मऊ.

"काका, तुम्ही! अहो, तुमच्यामुळंच तर हे उभं आहे."

"चांदबीचं नाव कुठंय?"

"चांदबी?" तो आठवल्यासारखं करू लागला. "आमच्याकडं कामाला होत्या ना एक बाई?"

"कामाला नव्हत्या. बटईनं कसत होत्या. झाडं त्यांच्या सासऱ्यानं लावली."

"तसं रेकॉर्डला नाही, काका." तो हसला. "अन् रेकॉर्ड तर तुमचंच आहे."

त्यानं मला आत नेलं. भिंतीवर जुने फोटो होते, पितळी भांडी होती आणि मधोमध सोनेरी चौकटीत पीक पाहणीच्या पानाची मोठी केलेली प्रत. माझं अक्षर. माझी सही. त्याच्या तोंडावर मारावं असं वाटलं, पण हात उचलायचा अधिकार कुठून आणणार होतो? तेवढ्यात सई धावत आली.

"आबा! हे तुमचं अक्षर आहे? किती भारी!" तिनं मोबाइलवर फोटो काढला. मला चौकटीशेजारी उभं करूनही एक काढला. मी उभा राहिलो.

गाडीत बसल्यावर मी विवेकला म्हणालो, "कनेरगाव नाक्याला घे."

"तिकडं कोण आहे?"

"जुनी ओळख आहे. चांदबी म्हणून. तुझ्या आईला ओळखायच्या."

नाक्यावर विचारलं तर लगेच सापडल्या. मुलाचं, इस्माईलचं, जळलेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. मागं पत्र्याच्या पडवीत बाजेवर चांदबी बसलेल्या. पाठ वाकलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. जागा भाड्याची. अंगणात एक रोपही नव्हतं. मनीषानं सहज विचारलं तर इस्माईल म्हणाला, "अम्मा लावू देत न्हाई. दुसऱ्याच्या जिमिनीत झाड लावायचं न्हाई म्हणती."

"कोण हाय रे?" चांदबींनी विचारलं.

"मी. पूर्वीचा तलाठी."

त्यांनी मान तिरकी करून कान दिला. "आवाज तोच हाय. बसा."

"कशा आहात तुम्ही?"

"तुमी?" त्या हसल्या, खोकल्या. "ऐक रे इस्माईल. साहेब मला तुमी म्हणून राहिले." मग हनुवटीनं विवेककडे दाखवून, "ह्योच का त्यो? ह्याच्या टायमाला बाईनं माझ्या शेप्याच्या पाटीभर कैऱ्या खाल्ल्या." विवेक लाजला, मनीषा हसली. "बाई कशीय?"

"गेली. तीन वर्षं झाली."

"चांगली होती. खरं बोलायची."

सई बाजेच्या कडेला जाऊन बसली होती. तिला आजी आवडली होती. "आजी, तुम्ही त्या आमराईत राहायच्या ना? आम्ही आत्ता तिथूनच आलो. आबांचं अक्षर तिथं फ्रेम करून लावलंय. हे बघा." तिनं मोबाइल पुढं धरला. मी हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

"मला वाचता येत न्हाई, माय. तू वाच."

सईनं शाळेत वाचतात तसं स्पष्ट वाचलं. "आंबा, झाडे बहात्तर. कसणार, मालक स्वतः."

इस्माईलच्या हातातली तार थांबली. चांदबी मान हलवत होत्या.

"तिसऱ्या खेपेला बी त्येच निघालं," त्या म्हणाल्या. आणि सईच्या डोक्यावरून हात फिरवला. "अक्षर चांगलं हाय तुझ्या आज्याचं."

"चांदबी, मला तुम्हाला..."

"थांबा." आवाज खाली, पण तोच, वरात थांबवणारा. "लेकराम्होरं न्हाई. तिला काय म्हाईत?"

चहा झाला. इस्माईल कप उचलून घेऊन गेला. विवेक गाडी वळवायला गेला, मनीषा आणि सई त्याच्या मागं गेल्या. पडवीत आम्ही दोघंच उरलो.

चांदबींनी पदर सारखा केला. "गेलं लेकरू. बोला आता."

त्या वाट बघत होत्या. खरोखरच बघत होत्या, तोंड माझ्याकडे करून. रस्त्यावरून वाशीमची बस गेली. मी तोंड उघडलं. इतकी वर्षं टाळलेलं सगळं बोलायचं होतं आणि मी म्हणालो, "येतो."

"येऊ नका," चांदबी म्हणाल्या. शिवी नाही, आरडाओरडा नाही. आमच्याकडं येतो म्हणणाऱ्याला कोणी असं म्हणत नाही. दुष्मनालासुद्धा नाही.

गाडीत सईनं विचारलं, "आजी काय म्हणाल्या?"

"पुन्हा या म्हणाल्या," मी सांगितलं.

गाडी हिंगोलीच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून पडवी दिसत होती. चांदबींनी आमच्याकडे पाठ केली होती आणि वाकलेल्या पाठीनं त्या बाजेवरची गोधडी झटकत होत्या, मी बसलो होतो तिथली. मला म्हणायचं होतं ते फार नव्हतं. चांदबी, ती चूक नव्हती. तुम्ही दरसाल विचारत होतात तेव्हा मला ठाऊक होतं मी काय लिहिलंय, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलत होतो. मला माफ करा.